जॉन टिंडल

जॉन टिंडल (जन्म : लेलिनब्रिज, कार्लो परगणा, आयर्लंड, २ ऑगस्ट १८२०, मृत्यू : हाइंडहेड, सरे, इंग्लंड, ४ डिसेंबर १८९३) हे एकोणिसाव्या शतकातील आयरिश भौतिकशास्त्रज्ञ, गिर्यारोहक आणि विज्ञानाचे लोकप्रिय व्याख्याते होते. वातावरणातील वायू उष्णतेचे प्रारण शोषून घेतात हे त्यांनी प्रयोगांनी मोजून दाखवले. हवेत तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांमुळे प्रकाशाचे विकिरण होते, त्या घटनेला त्यांच्या नावावरून टिंडल परिणाम असे म्हणतात. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये ते १८५३ ते १८८७ या काळात प्राध्यापक होते. आयुष्यभर त्यांना निद्रानाशाचा विकार होता. त्यासाठी ते घेत असलेले क्लोरल हायड्रेट हे झोपेचे औषध चुकून मोठ्या मात्रेत दिले गेल्याने त्यांचा मृत्यू झाला. प्रसिद्ध व्यक्तीच्या घरी, प्रेमाने शुश्रूषा करणाऱ्या हातून घडलेली औषधाची अदलाबदल म्हणून ही घटना विज्ञानाच्या इतिहासात वारंवार सांगितली जाते.

बालपण आणि शिक्षण

टिंडल यांचे वडील, त्यांचेही नाव जॉन, आयर्लंडच्या पोलीस दलात शिपाई होते. घरची परिस्थिती बेताची होती, परंतु वडिलांना वाचनाची आवड असल्याने मुलाच्या शिक्षणाकडे त्यांनी लक्ष दिले. कुटुंब प्रॉटेस्टंट असूनही मुलाला बॅलिनाब्रॅना येथे जॉन कॉनविल या कॅथलिक शिक्षकाच्या शाळेत घातले होते, ही गोष्ट त्या काळच्या आयर्लंडमध्ये विशेष म्हणावी लागेल. कॉनविल यांच्याकडे टिंडल यांनी गणित, भूमिती, चित्रालेखन व भूमापन यांचे पक्के शिक्षण घेतले.

इ.स. १८३९ मध्ये ते आयर्लंडच्या सरकारी भूमापन खात्यात रुजू झाले आणि १८४२ मध्ये त्यांची बदली इंग्लंडमधील प्रेस्टन येथे झाली. कर्मचाऱ्यांना मिळणारे वेतन व वागणूक यांविरुद्ध आवाज उठवल्यामुळे पुढच्याच वर्षी त्यांना कामावरून काढून टाकण्यात आले. त्यानंतर काही वर्षे त्यांनी रेल्वेमार्गांची आखणी करण्याचे काम केले. इंग्लंडमध्ये त्या वेळी रेल्वेची लाट होती. आखणीचे नकाशे ठरलेल्या मुदतीत सादर करण्यासाठी रात्रंदिवस काम चाले.

इ.स. १८४७ मध्ये ते हॅम्पशायरमधील क्वीनवुड महाविद्यालयात गणिताचे शिक्षक झाले. तेथे रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड फ्रँकलंड यांच्याशी त्यांची मैत्री जमली. पुढील वर्षी दोघेही साठवलेल्या पैशांवर जर्मनीतील मारबुर्ग विद्यापीठात शिकण्यास गेले. रॉबर्ट बुन्सेन तेथे रसायनशास्त्र शिकवीत. वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी परकी भाषा शिकत सुरू केलेला अभ्यास टिंडल यांनी दोन वर्षांत पूर्ण करून १८५० मध्ये डॉक्टरेट मिळवली. पहाटे लवकर उठून रात्री उशिरापर्यंत काम करण्याची सवय याच काळात कायमची झाली.

रॉयल इन्स्टिट्यूशन

चुंबकत्वावरील, विशेषतः प्रतिचुंबकत्वावरील संशोधनामुळे टिंडल यांचे नाव झाले आणि १८५२ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य निवडले गेले. ११ फेब्रुवारी १८५३ रोजी त्यांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये पहिले व्याख्यान दिले. ते इतके प्रभावी ठरले की त्याच वर्षी त्यांची तेथे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली. मायकेल फॅरडे हे या संस्थेचे तेव्हाचे सर्वांत मोठे नाव होते. फॅरडे यांच्याशी टिंडल यांचे नाते पितापुत्रासारखे होते. १८६७ मध्ये फॅरडे यांच्या निधनानंतर संस्थेतील त्यांची जागा टिंडल यांच्याकडे आली, आणि पुढच्या वर्षी त्यांनी फॅरडे यांच्या शोधकार्यावर पुस्तक लिहिले.

टिंडल यांची व्याख्याने प्रयोगांनी भरलेली असत. पाण्याच्या वाकत्या धारेतून प्रकाश धारेबरोबरच वळत जातो, हे त्यांनी १८५४ मध्ये प्रेक्षकांसमोर दाखवले होते. प्रत्येक प्रयोगाची ते आधी अनेकदा तालीम करीत. श्रोत्यांना सहज वाटणाऱ्या तासाभराच्या व्याख्यानामागे कित्येक दिवसांचे श्रम असत. १८७२-७३ च्या हिवाळ्यात त्यांनी अमेरिकेत प्रकाश या विषयावर व्याख्यानांचा दौरा केला. त्यातून खर्च वजा जाता उरलेले सुमारे १३ हजार डॉलर त्यांनी अमेरिकेतील विज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी देऊन टाकले.

संशोधन

इ.स. १८५९ पासून टिंडल यांनी वायू व बाष्प यांतून जाणाऱ्या उष्णतेच्या प्रारणाचा अभ्यास सुरू केला. पितळेच्या लांब नळीची दोन्ही टोके सैंधवाच्या तबकड्यांनी बंद करायची, कारण काच उष्णतेचे प्रारण अडवते आणि सैंधव ते जाऊ देते. नळीत निरनिराळे वायू भरायचे आणि आरपार आलेली उष्णता तापविद्युत साधनाने मोजायची, अशी ही रचना होती. ऑक्सिजन व नायट्रोजन या प्रारणाला जवळजवळ पूर्ण पारदर्शक आहेत, तर पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड ते शोषून घेतात, असे त्यांना आढळले. पृथ्वीचे हवामान उबदार राहण्यात पाण्याच्या वाफेचा वाटा मोठा आहे, हा त्यांचा निष्कर्ष आजच्या हवामानशास्त्राच्या पायाभूत निष्कर्षांपैकी एक मानला जातो. अमेरिकेतील युनिस फूट यांनी १८५६ मध्येच सूर्यप्रकाशात तापवलेल्या वायूंवर याच दिशेचे प्रयोग प्रसिद्ध केले होते. श्रेय देताना त्यांचा उल्लेख बराच काळ राहून गेला. उष्णताविषयक संशोधनासाठी टिंडल यांना १८६४ मध्ये रॉयल सोसायटीचे रमफर्ड पदक मिळाले.

प्रयोगासाठी लागणारी हवा पूर्ण स्वच्छ करण्याच्या खटपटीतून पुढचे दोन विषय निघाले. अंधाऱ्या खोलीत प्रखर प्रकाशझोत सोडला असता हवेतील धूळ उजळून दिसते, आणि धूळ काढून टाकल्यास झोताचा मार्गच दिसेनासा होतो. सूक्ष्म कण निळा प्रकाश अधिक विखुरतात या निरीक्षणावरून आकाशाच्या निळ्या रंगाचे स्पष्टीकरण देण्याचा त्यांनी प्रयत्न केला. शालेय पाठ्यपुस्तकांत येणारा टिंडल परिणाम तो हाच. दुसरा विषय जंतूंचा. आतून ग्लिसरिन लावलेल्या बंद पेटीत धूळ खाली बसू देऊन त्यांनी मांस, सलगम इत्यादींचे उकळलेले अर्क ठेवले. धूलिविरहित हवेत ते नासले नाहीत. वाळलेल्या गवताच्या अर्काने मात्र त्यांना दीर्घकाळ चकवले, कारण त्यातील जंतूंचे बीजाणू उकळण्यालाही दाद देत नाहीत. थांबून थांबून अनेक वेळा उकळले तर बीजाणू मध्यंतरी अंकुरतात आणि पुढच्या उकळीत मरतात, ही पद्धत त्यांनी १८७७ मध्ये शोधली. तिला टिंडलीकरण म्हणतात.

१८७४ मध्ये ब्रिटिश असोसिएशनचे अध्यक्ष या नात्याने त्यांनी बेलफास्ट येथे केलेल्या भाषणात निसर्गाच्या स्पष्टीकरणाचा अधिकार धर्मशास्त्राचा नसून विज्ञानाचा आहे असे प्रतिपादन केले. त्यावरून मोठा वाद झाला.

आल्प्स पर्वत

हिमनद्यांच्या अभ्यासासाठी टिंडल १८५६ मध्ये टॉमस हक्सली यांच्यासमवेत आल्प्समध्ये गेले. त्यानंतर जवळजवळ दर उन्हाळ्यात ते तेथे जात राहिले. १८५८ मध्ये त्यांनी मोंटे रोझा हे शिखर एकट्याने सर केले. बरोबर होते ते हॅमचे सँडविच आणि चहाची बाटली. १९ ऑगस्ट १८६१ रोजी योहान योसेफ बेनेन व उलरिख वेंगर या वाटाड्यांसह ते वाइसहॉर्न शिखरावर पोहोचले. या शिखरावरील ती पहिली चढाई होती. मॅटरहॉर्नच्या इटलीकडील धारेवर त्यांनी १८६२ मध्ये गाठलेल्या टोकाला टिंडल शिखर असे नाव मिळाले आहे.

या चढाया त्यांच्या दृष्टीने औषधासारख्या होत्या. लंडनमधील काम, धूर आणि जागरण यांनी खालावलेली प्रकृती पर्वतात सुधारते, असा त्यांचा अनुभव होता.

निद्रानाश आणि क्लोरल

टिंडल यांच्या पत्रांत व रोजनिशीत झोप न लागल्याच्या तक्रारी तरुणपणापासून अखेरपर्यंत वारंवार येतात. जोडीला अपचनाचा त्रासही होता. महत्त्वाच्या व्याख्यानापूर्वी किंवा एखाद्या वादात गुंतलेले असताना निद्रानाश बळावे. मेंदूला पडणारा अतिरिक्त ताण हे कारण ते स्वतः देत, आणि आहार, व्यायाम, हवापालट असे त्या काळी सुचवले जाणारे बहुतेक उपाय त्यांनी करून पाहिले होते.

त्यांच्या उमेदीच्या काळात झोपेसाठी डॉक्टरांकडे फारसे पर्याय नव्हते. अफूचा अर्क, मद्य आणि ब्रोमाइडचे क्षार एवढेच काय ते. क्लोरल हे रसायन जर्मन शास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांनी १८३२ च्या सुमारास तयार केले होते, परंतु त्याचा औषधी उपयोग कोणाच्या ध्यानात आला नव्हता. १८६९ मध्ये बर्लिनचे ऑस्कर लीब्राइख यांनी क्लोरल हायड्रेटने झोप लागते हे दाखवले. शरीरात त्याचे क्लोरोफॉर्म होत असावे, असा त्यांचा तर्क होता. तर्क चुकीचा निघाला, कारण यकृतात त्याचे ट्रायक्लोरोएथेनॉल बनते आणि झोप आणणारा खरा पदार्थ तोच असतो. पण गुण खरा होता. अर्ध्या ते एक तासात झोप लागे, अफूसारखी मळमळ वा बद्धकोष्ठता होत नसे. काही वर्षांतच हे औषध युरोप-अमेरिकेत घरोघरी पोहोचले.

त्याचे दोषही लवकरच दिसू लागले. सवय लागते, सवयीबरोबर मात्रा वाढवावी लागते, आणि गुणकारी मात्रा व घातक मात्रा यांत अंतर फार नाही. कवी व चित्रकार दान्ते गॅब्रिएल रोझेटी यांची प्रकृती क्लोरल आणि व्हिस्की यांच्या एकत्रित सेवनाने ढासळली आणि १८८२ मध्ये त्यांचे निधन झाले. तत्त्वज्ञ फ्रीडरिख नीत्शे हेही क्लोरल घेत. त्या काळच्या इंग्लंडमध्ये डॉक्टरांची चिठ्ठी रुग्णाजवळच राही आणि तीच चिठ्ठी दाखवून औषध पुन्हा पुन्हा आणता येई, त्यामुळे एकदा सुरू झालेले औषध वर्षानुवर्षे चालू राहणे ही सामान्य गोष्ट होती.

टिंडल यांनी क्लोरल बेफिकिरीने घेतल्याचा पुरावा नाही, हे येथे नोंदवणे आवश्यक आहे. अखेरच्या वर्षांत ते रात्री पाकाच्या स्वरूपातील क्लोरल अगदी थोड्या, मोजलेल्या मात्रेत घेत. शिस्तीने घेतलेल्या औषधानेच त्यांचा घात झाला, आणि तोही ते घेण्याच्या वेळी नव्हे.

विवाह

२९ फेब्रुवारी १८७६ रोजी, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, टिंडल यांचा विवाह लॉर्ड क्लॉड हॅमिल्टन यांची कन्या लुईझा हिच्याशी वेस्टमिन्स्टर ॲबे येथे झाला. लुईझा त्यांच्याहून सुमारे २५ वर्षांनी लहान होत्या. पोलीस शिपायाचा मुलगा आणि सरदार घराण्यातील मुलगी असा हा विवाह असला तरी तो अत्यंत सुखाचा ठरला. त्यांना अपत्य नव्हते. लुईझा पतीच्या प्रयोगांत मदत करीत, त्यांचे लेखन उतरवून घेत, पत्रव्यवहार सांभाळीत, आणि प्रकृती बिघडू लागल्यावर शुश्रूषेची सर्व जबाबदारीही त्यांनीच उचलली. स्वित्झर्लंडमध्ये बेलाल्प येथे दोघांनी बांधलेल्या घरात ते उन्हाळा घालवीत.

अखेरची वर्षे

प्रकृतीच्या कारणास्तव टिंडल यांनी १८८७ मध्ये रॉयल इन्स्टिट्यूशनमधून निवृत्ती घेतली. तोपर्यंत त्यांनी सरेमधील हाइंडहेड या उंच, मोकळ्या हवेच्या ठिकाणी घर बांधले होते. शेजारी नवी घरे उठू लागल्यावर एकांत राखण्यासाठी त्यांनी आवारात उंचच उंच आडोसे उभारले. त्यावरून वर्तमानपत्रांत बरीच टीका आणि थट्टा झाली. आयर्लंडच्या स्वराज्याला त्यांचा कडवा विरोध होता आणि पंतप्रधान ग्लॅडस्टन यांच्याविरुद्ध त्यांनी आजारपणातही पत्रे लिहिली. हळूहळू मात्र त्यांचा बराचसा काळ अंथरुणावर जाऊ लागला.

मृत्यू

या काळात टिंडल यांना दोन औषधे नेमाने दिली जात. रात्री झोपेसाठी क्लोरल, आणि एक दिवसाआड सकाळी पोटाच्या तक्रारीसाठी मॅग्नेशिया. क्लोरल थेंबांच्या हिशेबाने मोजले जाई, मॅग्नेशिया चमच्याने. दोन्ही औषधांच्या बाटल्या पलंगाजवळच्या एकाच टेबलावर असत, आणि क्लोरलची बाटलीही एकच नव्हती.

सोमवार, ४ डिसेंबर १८९३ रोजी सकाळी लुईझा यांनी नेहमीप्रमाणे पतीला औषध तयार करून दिले. मॅग्नेशिया समजून त्यांनी हाती घेतलेली बाटली क्लोरलची होती. चमच्याने घेतलेले औषध पाण्यात मिसळून त्यांनी पेला पुढे केला आणि टिंडल यांनी तो एका दमात संपवला. चव गोड लागली, असे ते म्हणाले. मॅग्नेशियाला गोड चव नसते. लुईझा यांनी टेबलाशी जाऊन बाटलीतील औषधाची चव घेतली, तेव्हा काय घडले हे त्यांच्या लक्षात आले. त्यांनी ते तत्काळ पतीला सांगितले.

टिंडल यांनाही परिस्थितीची पूर्ण कल्पना आली. या मात्रेचा परिणाम काय होणार हे त्यांनी ओळखले आणि ओकारी आणणारे औषध द्यावे, पोट रिकामे करण्याची नळी मागवावी, असे त्यांनीच सुचवले. वांतीचे उपाय लगेच सुरू झाले आणि डॉक्टरांना बोलावणे गेले. परंतु पाकाच्या रूपातील क्लोरल पोटातून वेगाने रक्तात जाते. थोड्याच वेळात त्यांना गुंगी आली. डॉक्टरांनी दिवसभर प्रयत्न केले, तरी ते शुद्धीवर आले नाहीत आणि संध्याकाळी त्यांचे निधन झाले. वय ७३ वर्षे होते.

कॉरोनरसमोर झालेल्या चौकशीत लुईझा यांनी स्वतः सर्व हकीगत सांगितली. त्यांनी काहीही झाकून ठेवले नाही. अपघाती मृत्यू असा निर्णय देण्यात आला. इंग्लंड-अमेरिकेतील वर्तमानपत्रांनी साक्षीचा तपशील विस्ताराने छापल्याने एका घरातील अत्यंत खासगी दुःख जगभर चर्चेचा विषय झाले. टिंडल यांचे दफन हेझलमियर येथे करण्यात आले.

घटनेचे वैद्यकीय स्वरूप

प्रौढ व्यक्तीला झोपेसाठी क्लोरल हायड्रेटची साधारण मात्रा अर्धा ते एक ग्रॅम असते. सुमारे १० ग्रॅम ही सामान्यतः घातक मात्रा मानली जाते, परंतु त्याच्या निम्म्याहून कमी मात्रेनेही मृत्यू झाल्याच्या नोंदी आहेत. वृद्ध, दुर्बल आणि श्वसन किंवा हृदयाचे विकार असलेल्या व्यक्तींत धोका अधिक असतो. औषध मेंदूची क्रिया मंदावते. प्रथम झोप, नंतर बेशुद्धी, त्यानंतर श्वास उथळ होणे व रक्तदाब उतरणे असा क्रम असतो. याखेरीज ट्रायक्लोरोएथेनॉलमुळे हृदयाच्या ठोक्यांत घातक अनियमितता निर्माण होऊ शकते. मद्याबरोबर घेतल्यास दोन्हींचा परिणाम वाढतो.

दीर्घकाळ क्लोरल घेणाऱ्याला झोपेसाठी लागणारी मात्रा वाढते. श्वास बंद पाडणारी मात्रा त्या प्रमाणात वाढत नाही. त्यामुळे नेहमीचा सेवक म्हणून टिंडल यांना काही संरक्षण असेल, ही कल्पना टिकणारी नाही.

या अपघाताचे मूळ नेमके कोठे होते, हे पाहण्यासारखे आहे. बाटली चुकीची घेतली गेली हे उघड कारण झाले. परंतु केवळ तेवढ्याने मृत्यू ओढवला नसता. थेंबांनी मोजायच्या औषधाला चमच्याने मोजायच्या औषधाचे माप लागले, आणि त्यामुळे मात्रा नेहमीच्या कित्येक पट झाली. रुग्ण अंथरुणावर होता, पेल्यात औषध ओतले जाताना त्याने बाटली पाहिली नव्हती, आणि वर्षानुवर्षे त्याच हातून घेतलेल्या पेल्याबद्दल शंका येण्याचे कारणही नव्हते. रात्रीचे औषध सकाळीही टेबलावरच होते. रोजच्या सरावाने हात आपोआप चालू लागतात, तेव्हा बाटलीवरची चिठ्ठी वाचली जात नाही. औषध देण्यातील चुकांच्या आधुनिक अभ्यासात हेच घटक पुन्हा पुन्हा समोर येतात: दिसायला सारखी बांधणी, एकत्र साठवण, मोजमापाच्या साधनांतील फरक आणि परिचित कामातील गाफीलपणा.

इंग्लंडमध्ये विषारी द्रव्यांसाठी रंगीत काचेच्या, अंगावर उभ्या रेघांचे कंगोरे असलेल्या बाटल्या एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून मिळत असत. अंधारातही हाताला फरक कळावा, हा त्यांचा हेतू होता. मात्र त्या प्रामुख्याने कार्बोलिक आम्लासारख्या बाहेरून लावायच्या वा जंतुनाशक द्रव्यांसाठी वापरल्या जात. पोटात घ्यायच्या औषधाला विषाची बाटली देण्याची कल्पना औषधविक्रेत्यांना व रुग्णांनाही पटण्यासारखी नव्हती, आणि झोपेचे औषध नेमके या दोन वर्गांच्या सीमेवर पडते. आज झोपेची बहुतेक प्रभावी औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत. ती मूळ वेष्टनातच, इतर औषधांपासून वेगळी व कुलूपबंद ठेवावीत, द्रव औषध स्वयंपाकघरातील चमच्याने न मोजता सोबत मिळणाऱ्या मापानेच मोजावे, आणि आजारी माणसाच्या वतीने दुसरी व्यक्ती औषध देत असेल तर दर वेळी नाव व मात्रा वाचून घ्यावी, असे सांगितले जाते.

उपचारही बदलले आहेत. टिंडल यांच्यावर झालेला ओकारी काढण्याचा उपाय आता झोपेच्या औषधांच्या विषबाधेत टाळतात, कारण गुंगीत असलेल्या रुग्णाच्या श्वासनलिकेत ओकारी जाण्याचा धोका असतो. क्लोरलवर विशिष्ट उतारा नाही. श्वासमार्ग मोकळा ठेवणे, यंत्राने श्वास देणे, हृदयाची अनियमितता बीटा-रोधक औषधांनी आवरणे आणि गंभीर प्रसंगी रक्ताचे व्याश्लेषण करणे हे आजचे उपचार होत. यांपैकी बहुतेक साधने १८९३ मध्ये अस्तित्वातच नव्हती. क्लोरलची जागा १९०३ नंतर बार्बिट्युरेट वर्गातील औषधांनी घेतली. त्यांचीही सुरक्षित व घातक मात्रांमधील दरी अरुंदच होती.

लुईझा टिंडल आणि चरित्राचे काम

पतीच्या मृत्यूनंतर लुईझा ४६ वर्षांहून अधिक काळ जगल्या. हाइंडहेडच्या घरातच त्यांनी टिंडल यांची पत्रे, रोजनिश्या आणि टिपणे गोळा केली. जगभरच्या परिचितांना लिहून त्यांनी पतीची पत्रे परत मागवली व त्यांच्या नकला केल्या. या सामग्रीतून विस्तृत चरित्र लिहिण्याचा त्यांचा संकल्प होता. प्रत्यक्ष लेखन मात्र कधी पूर्ण झाले नाही. दुसऱ्या कोणाच्या हाती काम सोपवणे त्यांना जड गेले, आणि परिणामी डार्विन, हक्सली यांची चरित्रे लोकांच्या हाती असताना त्यांच्याच बरोबरीचे टिंडल हळूहळू विस्मृतीत गेले, असे इतिहासकारांचे मत आहे. १९११ मध्ये लुईझा यांनी बेलाल्पजवळ, त्यांच्या उन्हाळी घराच्या परिसरात, टिंडल यांचे दगडी स्मारक उभारले. १९४० मध्ये त्यांचे निधन झाले. ए. एस. ईव्ह व सी. एच. क्रीझी यांनी लिहिलेले चरित्र त्यानंतर, १९४५ मध्ये, प्रसिद्ध झाले. लुईझा यांनी जमवलेली पत्रे व रोजनिश्या रॉयल इन्स्टिट्यूशनच्या संग्रहात आहेत आणि टिंडल यांच्याविषयीचे बहुतेक सर्व आधुनिक संशोधन त्यांवर आधारलेले आहे.

स्मृती

कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेवाडा पर्वतरांगेतील एका शिखराला टिंडल यांचे नाव आहे. इंग्लंडमध्ये २००० साली स्थापन झालेल्या हवामानबदल संशोधन केंद्रालाही टिंडल केंद्र असे नाव देण्यात आले आहे. त्यांच्या संपूर्ण पत्रव्यवहाराचे अनेक खंडांतील प्रकाशन एकविसाव्या शतकात सुरू झाले.